मत्स्यालयातला टेंपरेचर प्रोब कसा तपासायचा: बर्फातला आकडा आणि टाकीतला आकडा

एके सकाळी टाकीचा हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवर नेहमीसारखे २६.० अंश होते आणि मासे मात्र पाण्याच्या वर येऊन तोंडं उघडत होते. फिल्टर चालू, पाणी नितळ. काय झालंय ते कळेना, म्हणून हात घातला, तर पाणी जवळजवळ जाणवतच नव्हतं. ना गार, ना गरम. आपल्या हाताची कातडी साधारण ३२-३३ अंशांवर असते. २६ अंशांचं पाणी तिला थोडं गार लागायलाच हवं. काचेचा थर्मामीटर सोडला, तर लाल रेघ ३०.५ अंश सेल्सियसवर जाऊन थांबली.

प्रोब, म्हणजे कंट्रोलरला जोडलेलं, पाण्यात बुडवायचं तापमान मोजणारं टोक, साडेचार अंश कमी सांगत होता आणि बिचारा कंट्रोलर त्याच्या शब्दावर हीटर चालू ठेवत होता. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ७.६. पाणी तापलं की माशांची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. मासे वर का आले होते, त्याचं उत्तर एवढंच.

पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. तोच प्रोब मी बर्फाच्या पाण्यात घातला, तर तो फक्त एका अंशाने चुकत होता. बर्फाची चाचणी करून ‘एक अंश वाढवा’ असा निकाल मी दिला असता, तर टाकी अजून साडेतीन अंश जास्तच तापत राहिली असती. प्रोब जिथे काम करतो त्या तापमानालाही तो तपासावा लागतो, नुसतं बर्फावर भागत नाही. का, ते कळायला आत डोकावावं लागेल.

प्रोबच्या आत

कंट्रोलरबरोबर येणाऱ्या बहुतेक प्रोबमध्ये थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की याचा विद्युत रोध कमी होतो. बरेच थर्मिस्टर २५ अंशांना १०,००० ओहम दाखवणारे असतात आणि त्या आसपास दर अंशाला रोध साधारण साडेचार टक्क्यांनी बदलतो. कंट्रोलर तापमान मोजत नाही, तो हा रोध मोजतो आणि मनातल्या तक्त्यावरून अंश सांगतो.

आता माझ्या प्रोबचं काय झालं ते पाहा. वायरच्या सांध्यावर मीठ चढून गंज धरला होता, त्यामुळे मूळ रोधात पावणेदोन हजार ओहमच्या आसपास भर पडली होती. टाकीच्या तापमानाला थर्मिस्टरचा स्वतःचा रोध आठ हजारांच्या घरात; त्यात पावणेदोन हजार म्हणजे मोठाच वाटा, चूक साडेचार अंशांची. शून्य अंशाला तोच रोध ३३,००० च्या आसपास जातो. तिथे पावणेदोन हजार म्हणजे किरकोळ, चूक जेमतेम अंशभर.

उलटा प्रकारही होतो. प्रोबच्या आत ओल शिरली, की पाणी विजेला आडवाट देतं, एकूण रोध घटतो आणि प्रोब जास्त तापमान सांगू लागतो. कंट्रोलर हीटर बंद ठेवतो, टाकी गारठते. ही चूक मात्र बर्फात जास्त आणि टाकीत कमी दिसते. समजा ओलीची वाट एक लाख ओहमची आहे, तर २६ अंशांना चूक सुमारे दोन अंश येईल आणि शून्याला साडेपाच.

दुसरी जात डिजिटल चिपची. घरी कंट्रोलर बनवणाऱ्यांमध्ये डीएस१८बी२० ही चिप सर्रास वापरतात. उत्पादकाच्या हमीप्रमाणे उणे १० ते ८५ अंशांदरम्यान ती अर्ध्या अंशाच्या आत बरोबर असते, आणि दाखवते मात्र ०.०६२५ अंशांच्या पायऱ्यांनी. स्क्रीनवर २५.९४ दिसलं म्हणून शेवटच्या दोन आकड्यांवर जीव टाकू नका. खरं तापमान २५.५ पण असू शकतं आणि २६.४ पण. या चिपचा सांधा गंजला तर आकडा हळूच सरकत नाही, सरळ वेड्यासारखा येतो. अचानक ८५ दिसलं तर चिपने मोजमाप न करताच वीज मिळाल्यावरचा ठरलेला आकडा दिलाय. उणे १२७ दिसलं तर प्रोग्रामला चिप सापडलीच नाही. दोन्ही वेळा पाण्याचा काही दोष नाही, वायर बघा.

ताडून पाहायचं कशाशी

आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. ज्याच्याशी तुलना करायची तोच थर्मामीटर चुकीचा असेल तर पुढची सगळी मेहनत वाया. तीन स्वस्त थर्मामीटर एकच आकडा दाखवतात म्हणून तो बरोबर, असंही नाही. एकाच खोक्यातले तिघे एकाच दिशेने चुकू शकतात.

प्रमाणपत्रासह आलेला प्रयोगशाळेतला थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर दोन भरवशाच्या गोष्टी घरात असतात. एक म्हणजे वितळणारा बर्फ, जो शून्य अंश सांगतो. दुसरा ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. शरीराच्या तापमानाच्या टप्प्यात चांगला ताप-थर्मामीटर ०.१ अंशाच्या आसपास बरोबर असतो, आणि इतकी अचूकता मत्स्यालयाच्या कुठल्याच साध्या उपकरणात मिळत नाही. त्याची अडचण एकच, ३२ अंशांच्या खाली तो आकडा न दाखवता नुसतं ‘एल’ किंवा ‘एलओ’ दाखवतो. म्हणून २६ ला तो थेट उपयोगी नाही. पण ० आणि ३७ असे दोन पक्के खुंट मिळाले, की तिथे काचेच्या थर्मामीटरची चूक मोजून मधल्या २६ ची चूक काढता येते.

दहा सेकंदांत बीप करणारे ताप-थर्मामीटर मात्र घेऊ नका. ते पूर्ण तापायच्या आत, शरीरात तापमान कसं चढतं यावरून अंदाज बांधतात; पाण्यात तो अंदाज फसतो. कपाळावर रोखायचं इन्फ्रारेड यंत्रही नको. टाकीकडे रोखलं तर ते काचेचं तापमान सांगतं, वरून रोखलं तर बाष्पीभवनाने गार झालेल्या पातळ थराचं. काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी खोली आणि पाणी यांच्या मधलं काहीतरी दाखवते. ती नजर टाकायला ठीक आहे, साक्षीला नको.

हौशी लोकांसाठी एक आडवाट. गॅलियम हा धातू २९.७६ अंशांना वितळतो, आणि आंतरराष्ट्रीय तापमान मापनश्रेणीत हा एक अधिकृत स्थिर बिंदू आहे. मत्स्यालयाला इतका जवळचा बिंदू दुसरा नाही. छोट्या प्लास्टिकच्या नळीत गॅलियम अर्धवट वितळलेल्या अवस्थेत ठेवून, प्रोबला पातळ पिशवी घालून आत बुडवला तर बराच वेळ आकडा हलत नाही. गोठताना नाही, वितळतानाच मोजायचं, कारण गोठायच्या आधी गॅलियम बिंदूच्या बराच खाली उतरतो. आणि गॅलियम ॲल्युमिनियमच्या कशालाही लागू देऊ नका; गॅलियम त्याला पोखरतो.

सुरुवातीला हीटरचा प्लग काढा

ही पायरी विसरणारे मी पाहिलेत, आणि त्यात मी पण आहे. कंट्रोलरचा प्रोब बर्फात घातला की कंट्रोलरला वाटतं टाकी गोठली, आणि तो हीटर पूर्ण वेळ चालू करतो. तुम्ही स्वयंपाकघरात बर्फ ढवळत बसता आणि इकडे टाकी तापत असते. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, असेल तर ३७ च्या चाचणीत तो सुरू होईल; त्याचाही प्लग काढा. पाण्यात हात घालण्याआधी हा प्लग तसाही काढायचाच असतो.

मग प्रोब बाहेर काढून नीट बघा. त्यावर चुन्याचा किंवा शेवाळाचा थर असेल तर सौम्य व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून मऊ ब्रशने घासा आणि साध्या पाण्याने धुवा. थरामुळे आकडा कायमचा चुकत नाही, पण प्रोब मंद होतो आणि कंट्रोलर उशिरा जागा होतो. खाऱ्या टाकीत स्टीलच्या नळीवर तांबूस ठिपके दिसले, वायर नळीत शिरते तिथला रबर सैल वाटला, किंवा वायर वाकवल्यावर आकडा हलला, तर कॅलिब्रेशनच्या, म्हणजे चूक मोजून आकडा दुरुस्त करण्याच्या, भानगडीत पडू नका. तो प्रोब बदलायचाच आहे.

बर्फाचा शून्य

इथे थोडा वेळ घालवा, कारण बर्फाचं पाणी सगळ्यांना जमतं असं वाटतं आणि बहुतेकांचं एक-दोन अंशांनी चुकतं.

डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ करा. तो बारीक चुरा, साधारण हरभऱ्याएवढा. उभा थर्मास चुऱ्याने गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच गार डिस्टिल्ड पाणी ओता. बर्फ फ्रीझरमधून काढला तेव्हा तो उणे पंधरा-अठरा अंशांवर असतो आणि वरून पांढरा, कोरडा दिसतो. त्या अवस्थेत मोजलं तर आकडा शून्याखाली जाईल. चुरा ओला, काचेसारखा पारदर्शक झाला की तो शून्यावर आला समजा. दहा-पंधरा मिनिटं लागतात.

नेहमीची चूक म्हणजे पेलाभर पाण्यात बर्फाचे चार खडे तरंगत ठेवणे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसतं. वर बर्फ आहे म्हणून तुम्ही निश्चिंत, आणि प्रोबचं टोक मात्र तळाच्या ३ किंवा ४ अंशांच्या पाण्यात. थर्मासमध्ये बर्फ तळापर्यंत हवा. मध्येच खाली पाणी साचलं तर ओतून टाका, वर आणखी चुरा घाला.

प्रोब आणि काचेचा थर्मामीटर मधोमध, दोन तृतीयांश खोलीवर, भिंतीला वा तळाला न लागता ठेवा. नळीच्या जाडीच्या निदान दहापट लांबी बुडलेली हवी, नाहीतर वायरीतून खोलीची ऊब आत उतरते. खाऱ्या टाकीतून आलेला प्रोब आधी नीट धुवा. मीठ गोठणबिंदू खाली ओढतं, समुद्राचं पाणी तर उणे १.९ च्या आसपास गोठतं. हलकं ढवळत राहा. आकडा दोन मिनिटं हलला नाही की दोघांचाही लिहून घ्या. मग प्रोब काढा, खोलीच्या हवेत पाच मिनिटं ठेवा, परत बुडवा. असं तीनदा. तिन्ही वेळा एकच आकडा आला, तर चूक असली तरी ती सुधारता येईल. ०.४, मग उणे ०.७, मग १.१ असं आलं, तर त्या प्रोबला ऑफसेट, म्हणजे चूक भरून काढणारा ठरावीक आकडा, लावणं म्हणजे पाण्यावर रेघ मारणं.

उकळत्या पाण्याची चाचणी अनेक ठिकाणी सुचवलेली दिसते. मत्स्यालयाच्या प्रोबसाठी ती मी करत नाही. उकळबिंदू उंचीनुसार बदलतो, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश खाली. शिवाय प्रोबच्या वायरचं आवरण आणि आतला गोंद इतक्या उष्णतेसाठी नसतो. २६ अंशांचं काम करणाऱ्याला १०० ची परीक्षा देऊन कशाला मारायचं?

३७ चा टप्पा

थर्मास रिकामा करून त्यात ३८ अंशांच्या आसपासचं पाणी घ्या. प्रोब आणि काचेचा थर्मामीटर एकत्र, टोकाला टोक लावून, सैल रबराने बांधा आणि आत सोडा. तोंड कापडाने झाका, दहा मिनिटं थांबा, अधूनमधून ढवळा. आता ताप-थर्मामीटर चालू करून त्याचं टोक त्या दोघांशेजारी धरा. बीप वाजल्यावरही मिनिटभर धरून ठेवा आणि त्याच क्षणी तिन्ही आकडे टिपा.

घाई आणि उशीर दोन्ही इथे नडतात. ताप-थर्मामीटर सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो. पाणी गार होत गेलं तरी तो खाली येत नाही. पाच मिनिटांनी सावकाश तुलना केली, तर प्रोब कमी दाखवतोय असा खोटा निष्कर्ष निघेल. दुसऱ्यांदा मोजायचं असेल तर बंद करून नव्याने चालू करा. ज्याची बॅटरीची बाजू पाण्यात चालत नाही, त्याचं फक्त टोक बुडवा.

मधला २६

आता काचेच्या थर्मामीटरची दोन्ही ठिकाणची चूक हातात आली. समजा बर्फात त्याने ०.२ दाखवलं आणि ताप-थर्मामीटर ३७.२ म्हणत असताना त्याने ३७.६. चूक शून्याला ०.२ जास्त, ३७ ला ०.४ जास्त. २६ हा त्या अंतराच्या सुमारे सात दशांशावर येतो, म्हणून तिथे चूक ०.२ अधिक ०.१४, अंदाजे ०.३. म्हणजे याने २६.३ दाखवलं की पाणी २६.० आहे. हा थर्मामीटर आता तुमच्या घरचा मापदंड. त्यावर चिठ्ठी लावून बाजूला ठेवा, रोजच्या वापरात नको. वाचताना डोळा रेघेच्या बरोबर पातळीत ठेवा, आणि रेघ मध्येच तुटलेली नाही ना हे पाहून घ्या.

थर्मासमध्ये २६ अंशांच्या आसपासचं पाणी घ्या. डिस्कस मासे पाळत असाल तर २९ घ्या, गोल्डफिश असतील तर २०. जे तुमचं कामाचं तापमान, ते. मापदंड आणि घरातले सगळे प्रोब एकत्र बांधून सोडा, दहा मिनिटांनी वाचा. हीच तुलना टाकीत का नाही? टाकीत हीटर चालू-बंद होतो, प्रवाह फिरतो, एका वीतभर अंतरात अर्धा अंश बदलतो. थर्मासमध्ये सगळे एकाच पाण्यात असतात.

प्रत्येक प्रोबच्या तीन चुका आता कागदावर आहेत: ०, ३७ आणि कामाचं तापमान. तिन्ही ठिकाणी चूक जवळपास सारखी असेल तर साधा ऑफसेट लावला की झालं. बर्फात थोडी आणि उबेकडे वाढत जाणारी चूक, तीही कमी दाखवण्याची, म्हणजे सांधा किंवा प्लग गंजलाय. प्लग काढून साफ करा आणि पुन्हा मोजा. माझा तसाच सुधारला होता, तरी मी तो नंतर बदलला. बर्फात मोठी आणि उबेकडे कमी होणारी चूक, जास्त दाखवण्याची, म्हणजे आत ओल. याला उपाय नाही. प्रोब वाळवला की काही दिवस बरा वागतो आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ऑफसेट लावताना

खऱ्या तापमानातून प्रोबचा आकडा वजा करायचा. पाणी २५.८, प्रोब २६.४, तर ऑफसेट उणे ०.६. चिन्ह उलटं पडलं तर चूक दुप्पट होते, म्हणून आकडा भरल्यावर प्रोब त्याच थर्मासमध्ये असतानाच बघा की स्क्रीनवर २५.८ आलं का. एसटीसी-१००० सारख्या कंट्रोलरवर ही सोय एफ४ या सेटिंगमध्ये असते, काहींवर ‘सीए’ नावाने. सोयच नसेल तर ठरवलेलं तापमान बदला: हा प्रोब ०.६ जास्त दाखवतो, तर २६ हवं असताना २६.६ लावायचं, आणि ते कंट्रोलरवर चिकटपट्टीवर लिहून ठेवायचं. सहा महिन्यांनी स्वतःलाच आठवत नाही.

०.२ किंवा ०.३ अंशांची चूक निघाली तर मी काहीच करत नाही. मापदंडच तेवढ्या खात्रीचा आहे, आणि माशांना दिवस-रात्रीत त्याहून मोठा फरक सोसायची सवय असते.

मोठी चूक सापडली तर मात्र टाकी एका झटक्यात ‘बरोबर’ करू नका. चार अंश जास्त तापलेल्या पाण्यात मासे काही आठवडे राहिले असतील, तर ठरवलेलं तापमान दिवसाला अंशभर खाली आणा. तोवर हवेचा पंप वाढवा, प्राणवायूची तूट त्याने लगेच भरते.

प्रोब परत टाकीत

जागा चुकली तर कॅलिब्रेशन कितीही बरोबर असो, उपयोग नाही. प्रोब हीटरच्या डोक्यावर नको, पृष्ठभागाशी नको, दगडामागच्या साचलेल्या पाण्यातही नको. वाहत्या पाण्यात, हीटरपासून लांब, आणि पाणी बदलताना पातळी उतरली तरी बुडालेला राहील इतका खाली हवा. रबरी चकती सुटून प्रोब हवेत लटकला तर तो खोलीचं तापमान सांगतो; खोली टाकीपेक्षा गार असेल तर हीटर थांबायचं नाव घेत नाही. चकतीवर भरवसा नको, वायरला वरच्या कडेला एक क्लिप लावा. सम्प, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली खालची फिल्टरची टाकी, असलेल्यांनी आणखी एक पाहावं: परतीचा पंप बंद पडला तर सम्पमधला प्रोब फक्त सम्पचं सांगतो, वर मासे कुठल्या पाण्यात आहेत ते त्याला कळत नाही.

मापदंडाचा थर्मामीटर घेऊन टाकीच्या चारही कोपऱ्यांत आणि तळाशी एकदा फिरा. कुठे अंशाहून जास्त फरक दिसला तर दोष प्रवाहाचा आहे. हीटरच्या स्वतःच्या चकतीवर कंट्रोलरपेक्षा दीड-दोन अंश जास्त लावून ठेवा, म्हणजे प्रोब खोटं बोलला तरी हीटर तिथे अडेल.

ही सगळी तपासणी मी वर्षातून दोनदा करतो. शेवटी एक प्रयोग दरवेळी असतो, आणि मजा त्यातच आहे. हीटरच्या जागी कंट्रोलरला साधा रात्रीचा दिवा जोडतो आणि प्रोबचा प्लग उपटतो. वायर तुटली तर काय होईल, ते दिवा सांगतो. माझ्या एका कंट्रोलरने एरर दाखवून दिवा विझवला. दुसऱ्याने निमूटपणे फार कमी तापमान दाखवलं आणि दिवा जळतच राहिला. तो कंट्रोलर आता टाकीला जोडत नाही.